दिवेलागणीआधीचं विरजण

टेकडीपलीकडच्या त्या वस्तीत देवकीबाईंचं घर एका गोष्टीसाठी ओळखलं जाई. दिवे लागल्यावरही तिथं विरजण मिळे. एरवी तिन्हीसांजेचा दिवा लागला की दूध, दही, मीठ, विरजण घराबाहेर जात नाही, गेलं तर त्याच्याबरोबर लक्ष्मी जाते, हे नागपुरातल्या परकरी पोरीलाही ठाऊक असे. देवकीबाई तर महाल पेठेतल्या जुन्या घरच्या, सणवार, शिवाशिव सगळं सांभाळणाऱ्या. तरी कंदील लागल्यावर कोणी फाटकाशी आलं तर त्या उठत आणि वाटी भरून देत. बायका म्हणत, "वय झालं. ध्यानात राहत नसेल."

ध्यानात सगळं होतं. पद्धत त्यांनी जाणूनबुजून मोडली होती, आणि तीही एकाच संध्याकाळी.

त्या वेळी ती नुसती देवकी होती. पस्तिशी ओलांडलेली, एकुलती मुलगी प्रेमलता लग्न होऊन बिलासपूरला गेलेली. नवरा मधुकरराव सेक्रेटरिएटात हेडक्लार्क. १९२९ साली त्यांनी महालातला चिटणीसपुरा सोडून नव्या लेआउटात प्लॉट घेतला, तेव्हा त्यांच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. सरकारी माणसाला तोंडावर बोलायची रीत नव्हती. देवकीला मात्र बायका बोलून गेल्या.

"रानात चाललीस का वं? तिकडे संध्याकाळी कोल्हे येतात म्हणे."

"येऊ दे," देवकी म्हणाली. "कोणीतरी येईल तरी."

महालातली घरं एकमेकांना टेकून उभी होती. देवकीच्या स्वयंपाकघराची जी उत्तरेची भिंत, तीच शेजारच्या रुख्मिणीच्या स्वयंपाकघराची दक्षिणेची. त्या भिंतीत चुलीपासून हातभर वर एका विटेएवढा झरोका होता. तो कोणी ठेवला होता, हे दोन्ही घरांत कोणालाच सांगता येत नसे. भिंतीवर लाटण्यानं दोनदा ठोकलं की झरोक्यातून रुख्मिणीचा हात येई. कधी निखारा, कधी चिमूटभर हिंग, आणि संध्याकाळी विरजण. आज हिच्याकडचं दही फसलं तर उद्या तिच्याकडचं. सतरा वर्षांत ते विरजण मुळात कोणाचं, हा हिशेबच उरला नव्हता. रुख्मिणीचा चेहरा आठ-आठ दिवस दिसत नसे, पण हात रोज दिसे. तिनं नवी बांगडी भरली, बोट भाजलं, अंगात ताप आहे, हे तिच्या नवऱ्याआधी देवकीला कळे.

या देवघेवीला दोन नियम होते. दिवा लागला की विरजण द्यायचं नाही, हा एक. आणि दुसरा, आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही. काही नसलं तर साखरेचे चार दाणे. वाटी रिकामी गेली म्हणजे व्यवहार मिटला, संबंध संपला. तो कोणाला संपवायचा असतो?

नव्या लेआउटाचे नियम निराळे होते. घराच्या तिन्ही बाजूंना दहा-दहा फूट जागा मोकळी सोडायची. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावायची नाही. मधुकररावांना या नियमाचा फार अभिमान.

"चारही बाजूंनी वारा," ते म्हणत. "महालात श्वास घ्यायला जागा होती का?"

"बोलायला होती," देवकी म्हणे, पण हळू.

घर बांधताना तिनं एकच गोष्ट मागून घेतली. स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या भिंतीत, चुलीपासून हातभर वर, एका विटेएवढा झरोका. गवंडी हसला. पलीकडे दहा फूट मोकळी जागा, मग तारेचं कुंपण, आणि कुंपणापुढं पंधरा नंबरचा प्लॉट, त्यावर नुसतं तरोट्याचं रान.

"धूर जाईल," मधुकरराव गवंड्याला म्हणाले. झरोका राहिला.

महालातून निघताना रुख्मिणीनं चिनीमातीच्या बरणीत विरजण दिलं. टांग्यात देवकी ती बरणी मांडीवर घेऊन बसली. सीताबर्डीचा बाजार मागं पडला, टेकडीचा किल्ला मागं पडला, आणि टांगेवाल्यानं विचारलं, "बाई, अजून पुढं?"

पहिल्या दोन वर्षांत लेआउटात अकरा घरं उभी राहिली. सकाळी दहाला पुरुष सायकलींवर कचेरीला गेले की रस्ता असा ओस पडे की पलीकडच्या घरातला कप फुटला तर ऐकू यावा. कासार इकडे येत नसे, वाकळा शिवणारी येत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालातून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघे, तिच्यामागच्या पोरांचा गलका इथवर पोचत नसे. दुपारी देवकी फाटकाशी उभी राही आणि आखलेल्या रस्त्यांकडे पाही. चुन्याच्या फक्कीनं मारलेल्या रेघा, रेघांमध्ये नंबरचे दगड. अर्ध्या दगडांवर म्हशी अंग घासत.

त्या म्हशी ताराच्या. तारा दूध घालायला येई. तिचं चाळीस झोपड्यांचं खेडं लेआउटाच्या कडेला उरलं होतं. देवकीचं स्वयंपाकघर जिथं होतं, तिथं पूर्वी ताराच्या सासऱ्याची तूर होती.

"तुमी चूल मांडली ना बाई, तिथं आमचा मांडव होता राखणीचा," ती एकदा म्हणाली.

"वाईट वाटतं का गं?"

"वाईट कायचं? तुरीले दूध नाही लागत. तुमाले लागते."

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत रुख्मिणी गेली. देवकीला ते तिसऱ्या दिवशी कळलं, तेही मधुकररावांना कचेरीत कोणीतरी सांगितलं म्हणून. महालातून एवढ्या लांब सांगायला कोण येणार? पूर्वी भिंतीपलीकडे भांडं पडलं तरी कळे. देवकीनं त्या दिवशी दूध कोमट केलं, रुख्मिणीच्या विरजणातलं चमचाभर घातलं, आणि झरोक्यातून पलीकडच्या तरोट्याकडे पाहत बराच वेळ बसून राहिली. घरात आता रुख्मिणीचं एवढंच उरलं होतं.

पंधरा नंबरवर घर झालं ते १९३१ च्या दसऱ्याला, आणि दिवाळीनंतर त्यात भाडेकरू आले. कृष्णकांत कॉलेजात प्रोफेसर. बायको अरुंधती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, जबलपूरकडची, चष्मा लावणारी. मूलबाळ अजून नव्हतं. झरोक्यातून देवकीला त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर समोर दिसे. मध्ये वीस फूट आणि तार.

देवकी हळदीकुंकवाचं बोलावणं करून आली. अरुंधती आली, खुर्चीच्या टोकावर बसली, सगळ्याला "छान आहे" म्हणाली आणि अर्ध्या तासानं उठून गेली. तिनं काही मागितलं नाही. महिना झाला तरी मागितलं नाही. तिच्याकडे डब्यांवर चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येक डबा भरलेला होता. महालात नव्या बिऱ्हाडानं चार दिवसांत काही मागितलं नाही तर बायका म्हणत, घमेंड आहे. इथं कोणीच काही मागत नव्हतं, तेव्हा म्हणायचं काय आणि कोणाला?

मग देवकीनं ठरवलं, आपणच मागायचं. पण मागायचं काय? घरात सगळं होतं. अन्नाच्या बाबतीत खोटं बोलणं तिला जमत नसे. दही असताना विरजण नाही म्हणायला जीभ रेटली नसती. दोन दिवस ती विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिनं दह्याची कढी केली, आणि बाजूला काढून ठेवलेलं विरजणही त्या कढीत ओतलं.

तारा दुधाचं माप घेऊन दारात उभी होती. "बाई, विरजण नाही ठेवलं?"

"विसरले."

"तुमी? विसरल्या?"

"माणूस विसरत नाही का गं कधी?" देवकीनं बरणी राखेनं घासली, पुन्हा घासली, आणि उन्हात पालथी घातली. मधुकररावांनी रात्री कढी दोनदा मागून घेतली. त्यांना ती नेहमीच आवडे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अजून ऊन होतं तेव्हा, देवकी वाटी घेऊन फाटकातून बाहेर पडली, रस्त्यानं वळसा घालून शेजारच्या फाटकात शिरली. वाटी जर्मन सिल्व्हरची. वास्तुशांतीला मधुकररावांनी तसल्या सहा घेतल्या होत्या. प्रत्येकीवर त्यांचं नाव आणि खाली 'नागपूर' असं कोरलेलं.

"चमचाभर विरजण द्याल का? माझं संपलं."

अरुंधतीनं वाटी आत नेली आणि भरून आणून दिली. "बसा ना," ती म्हणाली. देवकी बसली. पाच मिनिटं बोलणं झालं. प्रोफेसरसाहेबांना दुधी आवडत नाही, एवढं कळलं. परत येताना देवकीची पावलं हलकी होती. रस्त्यात तिला स्वतःचंच हसू आलं.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. विरजण राखायचंच नाही, असं ठरवलं. दही संपवून टाकायचं, ताक करायचं, उरलं तर ताराला द्यायचं. संध्याकाळ झाली की हातात वाटी. आणि वाटी कधी रिकामी नेली नाही. एक दिवस सांडगे, एक दिवस तिळाची चटणी, एक दिवस भिवापुरी मिरचीचा ठेचा, घरच्या झाडाची दोन लिंबं, मेतकूट. वर झाकण. अरुंधती झाकण उघडून पाही आणि थोडी गोंधळे. मग ते कशात तरी काढून घेई, वाटी लख्ख विसळून विरजण घालून देई. तिच्या घरून कधी काही आलं नाही. तिनं कधी काही मागितलंही नाही. पण देवकी म्हणे, नवी आहे. शिकेल. रुख्मिणीला काय मी शिकवलं होतं? आपोआप होतं ते.

पाच मिनिटांची दहा झाली होती. माघ महिन्यात एकदा अरुंधती सांगत होती, जबलपूरला असताना ती नर्मदेच्या घाटावर कशी जाई, आणि सांगता सांगता थांबली. देवकीला वाटलं, आता ही मनातलं बोलेल. तेवढ्यात कृष्णकांतांची सायकल वाजली.

चैत्र लागला तशी सेक्रेटरिएटाची पचमढीला जायची गडबड सुरू झाली. दर उन्हाळ्यात सरकार डोंगरावर जाई, सरकारबरोबर फायली जात, आणि फायलींबरोबर मधुकरराव. बायका इथंच. अडीच महिने लेआउट नुसतं बायकांचं होई, पण त्या बायका एकमेकींकडे जात नसत; दारांना खसच्या ओल्या ताट्या लावून आपापल्या खोल्यांत पडून राहत. मधुकररावांची ट्रंक टांग्यात चढली. "कुलूप नीट लाव," ते म्हणाले. "आणि पत्र पाठव." ते गेल्यावर देवकीनं संध्याकाळची वाट पाहिली. दिवसातलं तेवढंच बोलणं आता उरलं होतं. ताराशी बोलणं होई ते उभ्याउभ्या. तिला अजून सात घरं घालायची असत.

तो आठवडा संपायच्या आत अरुंधती स्वतः आली. पहिल्यांदाच, न बोलावता. देवकीनं तिला फाटकातून येताना पाहिलं आणि घाईनं पदर सारखा केला. अरुंधतीच्या हातात मोठी बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं.

"देवकीबाई, हे ठेवा. पुष्कळ आहे. यातलं रोज थोडं बाजूला काढून ठेवलं की विरजण संपायचं नाही. मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्यात ठेवायचं. या गर्मीत तुम्हाला रोज तकलीफ होते."

चाळिशीला आलेल्या बाईला विरजण कसं राखायचं, हे ती समजावून सांगत होती. अगदी गोड आवाजात, मन लावून. देवकी ऐकत राहिली.

"तकलीफ कसली?" ती म्हणाली. "चार पावलं तर आहे."

"नाही, तसं नाही." अरुंधतीनं चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? तुम्ही रोज काहीतरी आणता. मला फार संकोच होतो. माझे वडील मुन्सफ होते. बंगल्यावर कोणी झाकलेलं भांडं आणलं की आई दारातूनच परत पाठवायची. फळांची डाली असो की मिठाई. झाकलेलं भांडं आत घ्यायचं नाही, हा दंडकच होता आमच्याकडे. त्यात काय आहे ते पाहायचंसुद्धा नाही."

देवकी म्हणाली, "मी कोणता खटला घालणार होते तुमच्याकडे?"

अरुंधती हसली, पण उगीच. तिला ते बोलणं लागलं होतं की काय, हे देवकीला कळलं नाही. अरुंधती बसली नाही. फाटकाची कडी लावून गेली.

देवकीनं बरणीतलं दही आपल्या बरणीत काढलं. आता विरजण होतं, पुष्कळ होतं, आणि ते संपवून पुन्हा मागायला जाणं म्हणजे सांगितलेलं कळत नाही असं दाखवणं. अरुंधतीची बरणी घासून तिनं ओट्यावर ठेवली. त्यात काय घालावं, म्हणून तिचा हात सवयीनं साखरेच्या डब्याकडे गेला, आणि थांबला. दुसऱ्या दिवशी तिनं ती बरणी ताराच्या हाती पाठवली. रिकामी. स्वतः न्यायला पाय निघाला नाही.

तारा बरणी उलटी करून पाहत म्हणाली, "काहीच नाही घातलं बाई?"

"त्यांच्याकडे चालत नाही."

"मागाले गेलं तं चालते, देलं तं नाही चालत? कोठची रीत हे?"

"मुन्सफाच्या घरची," देवकी म्हणाली.

वैशाखात पंधरा नंबरला कुलूप लागलं. नवराबायको जबलपूरला गेली. देवकी रोज संध्याकाळी दूध कोमट करी, अरुंधतीच्या विरजणातलं चमचाभर घाली. झरोक्यातून समोर बंद खिडकी दिसे. मधुकररावांचं कार्ड आलं: इथं रात्री पांघरूण लागतं, आंबे महाग आहेत, प्रकृतीस जपणे. तिनं उत्तर लिहिलं: इकडे सर्व ठीक. लिहून झाल्यावर तिनं ते पुन्हा वाचलं. त्यात दुसरं काही घालण्यासारखं तिला सापडलं नाही.

पण एक विचार तिच्या मनात आला, आणि मग तो जाईना. कुलूप लागलेल्या घरात विरजण राहत नाही. महिन्याभरानं अरुंधती परत येईल त्या दिवशी तिच्याकडे दूध असेल, विरजण नसेल. अकरा घरांत तिची ओळख एकाच घराशी होती. तिचं स्वतःचं विरजण त्याच घरात होतं. तिला यावंच लागेल. एकदा ती मागायला आली, म्हणजे झालं. मग संकोच कसला?

त्या महिन्यात देवकीनं विरजण असं जपलं की तसं प्रेमलतेलाही जपलं नसेल. उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत आंबतं. ती रोज दोनदा मातीचं भांडं आणि ओलं फडकं बदलत असे. एकदा त्याला तार सुटली तेव्हा सकाळभर तिला जेवण गेलं नाही.

ज्येष्ठाच्या दुसऱ्या पंधरवड्यात, एका दुपारी तीनच्या सुमारास, शेजारी टांगा थांबला. झरोक्यातून देवकीनं पाहिलं: ट्रंका, सुरई, अरुंधती. मग खिडकी उघडली. देवकीनं वाटी काढली, तीच, झाकणाची. त्यात घट्ट विरजण घातलं आणि ती चुलीपाशी बसली.

चार वाजले, पाच वाजले. ताराचं दूध दोन्ही घरी पोचलं. सहा वाजले, ऊन उतरलं. घर झाडत असतील, अंघोळी होत असतील, देवकी मनाशी म्हणत होती. मग तिन्हीसांज झाली. देवापाशी आणि तुळशीपाशी दिवा लावायची वेळ झाली.

देवकी उठली, काड्यापेटी हातात घेतली, आणि तशीच उभी राहिली. दिवा लावला की विरजण देता येणार नाही. अरुंधतीला हा नियम माहीत असो नसो, आपल्याला आहे. सतरा वर्षं पाळला. दिवा लावल्यावर ती आली तर काय सांगायचं, उद्या ये? तिनं काड्यापेटी खाली ठेवली. थोडा वेळ थांबू. तेवढ्यानं काय होतं.

ती झरोक्याशी बसून राहिली, वाटी समोर घेऊन. पलीकडे अरुंधतीच्या खिडकीत कंदील लागला. रस्त्यापलीकडच्या घरांतही एकेक करून दिवे लागले. देवकीच्या घरात, देवघरात, व्हरांड्यात, कुठंच दिवा नव्हता. सासू असती तर काय म्हणाली असती, हा विचार आला तेव्हा तिला भीती वाटली. तरी ती उठली नाही. समोरच्या खिडकीतली सावली एकदा हलली, मग दिसेनाशी झाली. आता येते, देवकीला वाटलं. तिनं वाटीवरचं झाकण सारखं केलं आणि कान देऊन बसली. बराच वेळ गेला. कोणी हाक मारली नाही. मग सावली पुन्हा खिडकीत आली.

पूर्ण काळोख झाल्यावर देवकीनं देवापाशी दिवा लावला. हात जोडले. वाटीतलं विरजण तिनं आपल्याच दुधात घातलं.

सकाळी तारा आली, ती बोलतच.

"काल कोठं गेल्त्या बाई? त्या शेजारच्या बाई आल्या होत्या तुमच्याकडं. फाटकापास्न मागं फिरल्या."

देवकीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "कधी?"

"दिवे लागल्यावर. मी रस्त्यानं घरी जाऊन राहिली होती. मले म्हणे, तारा, घरात अंधार आहे, बाई गावाले गेल्या काय? मी म्हटलं, मले नाही बोलल्या. तुमच्या घरी दिवा नाही असं कधी झालं काय? मले वाटलं, दूध घेतल्यावर रातच्या गाडीनं पोरीकडं गेल्या असतीन बिलासपूरले."

झरोक्यातून बाजूची खिडकी दिसे. फाटक दिसत नसे. देवकी पाटावर बसली.

"हातात काय होतं त्यांच्या?"

"वाटी होती झाकलेली. विरजण मागाले आल्या होत्या. मग मीच देलं माह्या घरचं."

"झाकलेली? रिकामी वाटी कोणी झाकतं का गं?"

"रिकामी कायची? जबलपूरची खव्याची जिलेबी होती. तुमच्यासाठी आणली म्हणे. तुमी नाही, तं मले देली. पोरांनं खाल्ली." तारा देवकीकडे पाहून थांबली. "काहून वं बाई? मी नाही घ्याले पाहिजे होती?"

"तसं नाही," देवकी म्हणाली. "चांगली होती का?"

"लय गोड होती."

त्या दिवशी देवकीला जायला कारण नव्हतं. आता दोघींच्याही घरी विरजण होतं. कारण नसताना कसं जायचं, हे तिला येत नव्हतं; महालात कधी तशी वेळच आली नव्हती. दुपारी ती रिकाम्या हातानं फाटकापर्यंत गेली. हातांचं काय करावं कळेना, तेव्हा पदराचं टोक धरलं. पंधरा नंबरच्या व्हरांड्यात कृष्णकांतांचे मित्र बसले होते, मोठ्यानं बोलत होते. बदलीचं काही चाललं होतं. ती परत आली.

बदली खरी निघाली. अमरावतीच्या कॉलेजात, जुलैपासूनच. बैलगाडीत सामान भरताना देवकी झरोक्यातून पाहत होती. चिठ्ठ्या लावलेले डबे एकामागून एक बाहेर येत होते. निघायच्या दिवशी संध्याकाळी तिनं मुद्दाम दिवा वेळेवर लावला. व्हरांड्यातला कंदीलही लावला. घरात माणूस आहे, एवढं तरी दिसावं.

फाटक वाजलं. अरुंधती आत आली. व्हरांड्यात थांबली नाही. सरळ मागं, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"देवकीवहिनी, टांगा यायचाय. साडेआठची गाडी आहे." ती धापा टाकत होती. "मला विरजण हवं होतं. तिकडे नव्या घरात कोण देणार?"

वहिनी. देवकीनं देवघरातल्या दिव्याकडे पाहिलं. तो शांत जळत होता. मग तिनं फळीवरची वाटी काढली, मातीच्या भांड्यातलं घट्ट विरजण काठोकाठ भरलं, झाकण लावलं, फडक्यानं बांधलं.

"मी आईला सांगितलं तुमचं," अरुंधती म्हणाली. "वाटीचं. तर ती मला म्हणाली, वेडी आहेस. म्हणाली, बाहेरून आलेली डाली आणि नजराणा वेगळा, आणि शेजारणीची वाटी वेगळी. एवढं कळायला नको का?" ती हसली आणि तिनं नाक पुसलं. तिची नजर झरोक्यावर गेली. "हे कशाला ठेवलं आहे?"

"धूर जायला."

अरुंधती वाकून झरोक्यातून पाहू लागली. तिच्या रिकाम्या स्वयंपाकघराची खिडकी उघडीच राहिली होती. बाहेर टांग्याची घंटी वाजली, कृष्णकांतांची हाक आली. अरुंधतीनं वाटी दोन्ही हातांनी घेतली.

"ही वाटी तुम्हाला परत कशी पाठवू?"

"राहू दे," देवकी म्हणाली. "मांडीवर धर गं. हिसक्यानं पाणी सुटतं त्याला."

देवकी फाटकापर्यंत गेली. टांग्यात अरुंधती वाटी मांडीवर घेऊन बसली होती. सीताबर्डीच्या वळणापर्यंत टांग्याचा कंदील दिसत होता.

आठ दिवसांनी मधुकरराव पचमढीहून आले. रापलेले, मजेत. जेवताना त्यांचं लक्ष फळीवर गेलं. ते हिशेबी माणूस, आणि वाट्यांवर त्यांचं नाव होतं.

"एक वाटी कमी दिसते."

"शेजारी दिली आहे."

मधुकररावांनी मान वळवून झरोक्यातून पाहिलं. पंधरा नंबरला कुलूप होतं, घरमालकानं खिडकीला आतून कागद लावला होता.

"शेजारी कोण आहे आता?"

देवकीनं त्यांच्या भातावर ताक वाढलं. "घ्या," ती म्हणाली, "आज आंबट नाही."